मेनू उघडतो, पण दाबल्यावर काहीच होत नाही: डब्ल्यूपीएफ मेनूतली तुटलेली बाइंडिंग शोधताना

काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. "सर, उजवं बटण दाबलं की मेनू येतो. 'पासबुक छापा' दिसतं. ते दाबलं की मेनू मिटतो, आणि पुढे काहीच नाही." एका पतसंस्थेसाठी आम्ही डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरच्या प्रोग्रामच्या खिडक्या बनवायचं मायक्रोसॉफ्टचं तंत्र) केलेलं साधंसं सॉफ्टवेअर. मी दोन तास छपाईचा कोड उकरत बसलो. प्रिंटर, ड्रायव्हर, कागदाचा आकार, सगळं पाहून झालं. छपाईच्या कोडपर्यंत प्रोग्राम पोचतच नव्हता, कारण मेनूच्या कमांडचं बाइंडिंग, म्हणजे मेनूतल्या ओळीला तिच्या कामाशी जोडणारा दुवा, तुटलेलं होतं. माझ्याच मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट विंडोत ते एका ओळीत लिहून येत होतं, आणि मी ती विंडो जागा अडवते म्हणून मिटून ठेवली होती.

डब्ल्यूपीएफची ही सवय पहिल्यांदा समजून घ्या. 2006 साली डॉटनेट 3.0 बरोबर हे तंत्र आलं तेव्हापासून बाइंडिंग चुकलं म्हणून प्रोग्राम कोसळत नाही. तो डीबगरला एक ओळ कळवतो आणि पुढे चालू लागतो. बटणाचं किंवा मजकुराचं बाइंडिंग तुटलं तर निदान डोळ्यांना दिसतं. मेनूत तसं नाही. तिथे रंगरूप शाबूत राहतं आणि आतला जीव गेलेला असतो.

खाली सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. झॅमल फाइलीत (खिडकीची मांडणी ज्यात लिहितात ती) टाइप करताना अर्थातच त्यांचं मूळ स्पेलिंग वापरायचं.

आधी मेनूचा रंग पाहा

कोड उघडण्याआधी मेनूवरच्या त्या ओळीकडे नीट बघा. ती राखाडी आहे की नेहमीसारखी काळी?

काळी आहे, दाबता येते, पण काही घडत नाही, तर मेनूआयटमला (मेनूतल्या त्या ओळीला) कमांड मिळालेलीच नाही. कमांड नल (रिकामी) असेल तर मेनूआयटम स्वतःला बंद करत नाही, चालूच समजतो. आमच्या ताईंची अडचण हीच होती.

राखाडी असेल तर बाइंडिंग बहुधा ठीक आहे. कमांड सापडली, तिला 'आत्ता चालेल का' असं विचारलं गेलं आणि तिने 'नाही' म्हटलं. अशा वेळी झॅमलमध्ये शोधत बसू नका, थेट कॅनएक्झिक्यूटमध्ये (कमांडच्या ज्या मेथडला हा प्रश्न जातो तिच्यात) ब्रेकपॉइंट टाका. पॅरामीटर नल येत असेल तर झॅमलमध्ये कमांडपॅरामीटर ही ॲट्रिब्यूट कमांडच्या आधी लिहून बघा. ऐकायला अंधश्रद्धा वाटेल, पण ॲट्रिब्यूट लिहिलेल्या क्रमाने लागू होतात. कमांड आधी आली तर पॅरामीटर पोचण्याआधीच तिला तो प्रश्न विचारून होतो.

कट, कॉपी, पेस्टसारख्या तयार राउटेड कमांड राइट-क्लिकच्या मेनूत उगाच राखाडी दिसत असतील, तर कमांडटार्गेट हे मेनूच्या प्लेसमेंटटार्गेटला (ज्या एलिमेंटवर उजवं बटण दाबलं त्याला) बांधा. नाहीतर खिडकीत कशावरच फोकस नसताना 'चालेल का' हे कुणाला विचारायचं ते कमांडला कळत नाही.

मग आउटपुट विंडो उघडा

प्रोग्राम डीबगरखाली चालवा, म्हणजे एफ 5 दाबून. कंट्रोल-एफ 5 ने चालवलात तर यातलं काहीच दिसणार नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या टूल्स, ऑप्शन्स, डीबगिंग, आउटपुट विंडो या वाटेने गेलात की डब्ल्यूपीएफ ट्रेस सेटिंग्जमध्ये 'डेटा बाइंडिंग' अशी ओळ आहे. ती निदान 'वॉर्निंग' वर ठेवा. व्हिज्युअल स्टुडिओ 2022 वापरत असाल तर 'झॅमल बाइंडिंग फेल्युअर्स' नावाची वेगळी खिडकीही मिळते. तिथे त्याच चुका तक्त्यात येतात आणि सारख्या चुका एकत्र मोजल्या जातात. नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी, कारण आउटपुटमधली लांबलचक ओळ पहिल्या दिवशी अंगावर येते.

ओळ शेवटाकडून वाचा

ओळ साधारण अशी असते: 'सिस्टीम.विंडोज.डेटा एरर: 40', मग 'बाइंडिंगएक्स्प्रेशन पाथ एरर', मग कुठली प्रॉपर्टी कुठल्या ऑब्जेक्टवर सापडली नाही ते, मग पाथ, डेटाआयटम, आणि अगदी शेवटी टार्गेट एलिमेंट व टार्गेट प्रॉपर्टी.

मी ती उलटी वाचतो. शेवटी 'मेनूआयटम' आणि 'कमांड' दिसलं की हे आपल्याच मेनूचं प्रकरण आहे हे नक्की. मग डेटाआयटम. सगळ्यात महत्त्वाची माहिती इथे असते: हे बाइंडिंग नेमकं कुणाच्या दारात जाऊन उभं राहिलं? आमच्या ओळीत लिहिलं होतं की 'पासबुककमांड' ही प्रॉपर्टी 'खातेदार' या ऑब्जेक्टवर सापडली नाही. कमांड होती खिडकीच्या व्ह्यूमॉडेलवर (खिडकीमागचा डेटा आणि कमांड ठेवणारा ऑब्जेक्ट). मेनू यादीतल्या एका ओळीवर उघडत होता, म्हणून त्याला डेटाकॉन्टेक्स्ट (बाइंडिंग जिथे माहिती शोधतं तो ऑब्जेक्ट) त्या ओळीचा, म्हणजे एका खातेदाराचा मिळत होता. बिचाऱ्या खातेदाराला पासबुक छापता येत नाही, हे बरोबरच होतं!

एरर नंबर पाठ करण्याची गरज नाही, पण तीन ओळखीचे झाले की काम सोपं होतं. 40 म्हणजे ऑब्जेक्ट सापडला, त्यावर प्रॉपर्टी नाही. 4 म्हणजे ऑब्जेक्टच सापडला नाही, तुम्ही सांगितलेला पूर्वज (ज्याच्या आत तो बसलाय असा वरचा एलिमेंट) किंवा एलिमेंटनेमने नाव दिलेला एलिमेंट त्याला दिसत नाही. 2 म्हणजे ज्याच्यावर बाइंडिंग लिहिलंय त्याला झाडात (कुठला एलिमेंट कुणाच्या आत आहे त्या उतरंडीत) जागाच नाही. डेटाग्रिडच्या कॉलमवर बाइंडिंग लिहिलं की हा हटकून येतो.

40 आला तर आधी क्षुल्लक शक्यता संपवा. स्पेलिंग बरोबर आहे का, प्रॉपर्टी पब्लिक आहे का, आणि मुळात ती प्रॉपर्टीच आहे का? सी शार्पमध्ये गेट-सेट लिहायचं राहिलं की ती फील्ड होते, आणि बाइंडिंग फील्डकडे बघतही नाही. कोड विनातक्रार कंपाइल होतो, म्हणून ही चूक तासभर सापडत नाही. डेटाआयटमच्या जागी 'नेम्डऑब्जेक्ट' किंवा 'डिस्कनेक्टेडआयटम' असलं काही दिसलं तर घाबरू नका. यादीतून काढून टाकलेल्या ओळीचा कंटेनर (ती ओळ दाखवणारा एलिमेंट) अजून मिटायचा असतो, त्याचा तो शेवटचा उसासा. बहुतेक वेळा दुर्लक्ष केलं तरी चालतं.

राइट-क्लिकचा मेनू कुणाच्या घरचा?

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

खिडकीच्या वरच्या पट्टीतला मेनू आणि राइट-क्लिकचा कॉन्टेक्स्टमेनू दिसायला भाऊ-भाऊ, पण त्यांची घरं वेगळी. पट्टीतल्या मेनूचा उपमेनूसुद्धा पॉपअपमध्येच उघडतो, मात्र तो पॉपअप मेनूआयटमच्या टेम्प्लेटमध्ये (रूप ठरवणाऱ्या साच्यात) बसलेला असतो. त्यामुळे आतल्या आयटमला वर चढत चढत खिडकीपर्यंत जाता येतं, आणि 'पूर्वज शोध, प्रकार विंडो' असं लिहिलेलं रिलेटिव्हसोर्स चालतं. कॉन्टेक्स्टमेनूचा पॉपअप मात्र उघडताना कोडमधून तयार होतो आणि त्याला झाडात कुणी पालक नसतो. आयटम वर चढायला लागतो आणि कॉन्टेक्स्टमेनूपाशी, फार तर त्या पॉपअपपाशी, शिडी संपते. विंडो सापडत नाही, लिस्टव्ह्यू सापडत नाही. एरर 4.

एलिमेंटनेमचंही तेच. खिडकीतल्या एलिमेंटचं नाव कॉन्टेक्स्टमेनूच्या आतून सहसा सापडत नाही, कारण नावांचा शोधही याच झाडावरून वर जातो.

यामुळे अनेक जण सांगतात की कॉन्टेक्स्टमेनूला डेटाकॉन्टेक्स्ट मिळतच नाही. हे पूर्ण खरं नाही. ज्या एलिमेंटवर मेनू लावलाय त्याचा डेटाकॉन्टेक्स्ट उघडताना बहुतेक वेळा व्यवस्थित येतो. आमच्या मेनूला खातेदार मिळाला होताच की! अडतं ते त्याच्याही वरचं काही हवं असतं तेव्हा. हा फरक कळला की कुठला उपाय कधी वापरायचा ते आपोआप कळतं.

कॉन्टेक्स्टमेनूला बाहेरच्या जगाशी जोडणारा एकच धागा असतो, प्लेसमेंटटार्गेट. म्हणजे ज्या एलिमेंटवर उजवं बटण दाबलं तो. त्याला धरून दोन टप्प्यांत काम होतं.

पहिला टप्पा मेनूच्या बाहेर. यादीच्या ओळीच्या टेम्प्लेटमध्ये जो बाहेरचा बॉर्डर आहे (किंवा डेटाग्रिड असेल तर रोस्टाइलमध्ये) त्याच्या टॅग प्रॉपर्टीला खिडकीचा डेटाकॉन्टेक्स्ट बांधा. तिथे रिलेटिव्हसोर्समध्ये पूर्वज म्हणून विंडो सांगितली की चालतं, कारण बॉर्डर झाडातच आहे. दुसरा टप्पा मेनूच्या आत. मेनूआयटमच्या कमांडचा पाथ असा लिहा: 'प्लेसमेंटटार्गेट.टॅग.पासबुककमांड', आणि रिलेटिव्हसोर्समध्ये पूर्वजाचा प्रकार कॉन्टेक्स्टमेनू. शिडी तिथपर्यंत पोचतेच. कमांडपॅरामीटरला मात्र नुसतं बाइंडिंग, काही पाथ न देता. मग कमांड खिडकीची आणि पॅरामीटर त्या ओळीचा खातेदार, दोन्ही हातात.

टॅग या प्रॉपर्टीबद्दल काहींना अढी असते. ती रिकामी असते, ऑब्जेक्ट प्रकारची असते, आणि असल्याच कामासाठी आहे. बिनधास्त वापरा. आधीच दुसऱ्या कशाला वापरली असेल तरच पुढचा उपाय बघा.

तो उपाय म्हणजे प्रॉक्सी, मधला प्रतिनिधी. डब्ल्यूपीएफच्याच फ्रीझेबल क्लासपासून एक छोटा क्लास काढायचा, क्रिएटइन्स्टन्सकोअर ओव्हरराइड करायचं, आणि 'डेटा' नावाची एकच डिपेंडन्सी प्रॉपर्टी (जिला बाइंडिंग लावता येतं अशी) द्यायची. खिडकीच्या रिसोर्सेसमध्ये त्याची एक प्रत ठेवून तिच्या डेटाला नुसतं बाइंडिंग लावायचं. फ्रीझेबल ऑब्जेक्ट झाडात नसला तरी रिसोर्सेसमधून डेटाकॉन्टेक्स्टचा वारसा घेऊ शकतो, हीच त्याची खुबी. मग मेनूत सोर्स म्हणून ती प्रॉक्सी स्टॅटिकरिसोर्सने द्यायची आणि पाथ 'डेटा.पासबुककमांड'. एरर 2 देणाऱ्या डेटाग्रिड कॉलमांनाही हीच युक्ती लागू पडते. एका-दोन मेनूंसाठी मी टॅगच वापरतो. पाच-सहा मेनू झाले की प्रॉक्सी स्वच्छ दिसते.

यादीवरून तयार होणारा मेनू

'अलीकडच्या फाइली' किंवा 'शाखा निवडा' असा मेनू कलेक्शनवरून भरायचा असतो. आयटम्ससोर्स बांधला, आयटमटेम्प्लेट लिहिलं, आणि त्यात मेनूआयटम ठेवला, त्यालाच कमांड दिली. चालवून बघा: ओळी थोड्या आत सरकलेल्या दिसतात, आणि काठावर क्लिक केलं तर काही होत नाही.

झालं काय? मेनू प्रत्येक वस्तूसाठी स्वतः एक मेनूआयटम बनवतो. तुमचं टेम्प्लेट त्याच्या आतल्या मजकुरासाठी आहे. त्यातही मेनूआयटम टाकलात की मेनूआयटमच्या पोटात मेनूआयटम झाला. बाहेरच्याला कमांड नाही, आतल्याला पुरेशी जागा नाही.

म्हणून वाटणी अशी करा: दिसायचं काय ते आयटमटेम्प्लेटमध्ये, तिथे टेक्स्टब्लॉक पुरतो. वागायचं कसं ते, म्हणजे कमांड, कमांडपॅरामीटर, आयकॉन, इजचेकेबल, हे सगळं आयटमकंटेनरस्टाइलमध्ये (मेनूने बनवलेल्या प्रत्येक मेनूआयटमला लागणाऱ्या स्टाइलमध्ये) सेटरने. मेनूत मेनू असा उतरता पसारा असेल तर टेम्प्लेट हायरार्किकलडेटाटेम्प्लेट करा आणि त्याच्या आयटम्ससोर्सला मुलांची यादी द्या.

मधे आडवी रेघ हवी असेल तर नवखे लोक कलेक्शनमध्ये नल किंवा सेपरेटर टाकतात. सेपरेटर थेट टाकला आणि आयटमकंटेनरस्टाइल मेनूआयटमसाठी लिहिलेली असेल, तर इथे मात्र प्रोग्राम खरोखर कोसळतो. मेनूआयटमची स्टाइल सेपरेटरला लावता येत नाही अशी तक्रार तो करतो. सोपा मार्ग: व्ह्यूमॉडेलमध्ये 'रेघआहे' अशी बुलियन प्रॉपर्टी ठेवा, आणि त्याच स्टाइलमध्ये डेटाट्रिगर लिहून ती खरी असेल तेव्हा टेम्प्लेटच बदलून आत फक्त सेपरेटर असलेलं कंट्रोलटेम्प्लेट द्या. डॉटनेट 4 पासून यूजेसआयटमकंटेनरटेम्प्लेट नावाची सोयही आहे, प्रत्येक प्रकाराला वेगळा कंटेनर देता येतो. पण रेघेसाठी एवढं सगळं कशाला.

हॉरिझॉन्टलकॉन्टेंटअलाइनमेंटचा गोंगाट

हा एरर तुम्ही न लिहिलेल्या कोडमधून येतो, म्हणून सगळ्यात जास्त छळतो. एरर 4, पूर्वज म्हणून आयटम्सकंट्रोल सापडत नाही, टार्गेट मेनूआयटम, प्रॉपर्टी हॉरिझॉन्टलकॉन्टेंटअलाइनमेंट. पाठोपाठ व्हर्टिकलचा जुळा भाऊ. तुम्ही सगळ्या फाइलींत हा शब्द शोधता आणि कुठेच सापडत नाही.

तो डब्ल्यूपीएफच्या मूळ थीममध्ये आहे. तिथली मेनूआयटमची स्टाइल या दोन प्रॉपर्टी आपल्या वरच्या आयटम्सकंट्रोलकडून बाइंडिंगने उचलते. लिस्टबॉक्सआयटम, कॉम्बोबॉक्सआयटम आणि ट्रीव्ह्यूआयटम यांचंही तसंच. मेनूआयटम कोडमधून बनवला आणि झाडात बसण्याआधी त्याला स्टाइल लागली, किंवा यादी रिकामी करून पुन्हा भरताना जुना कंटेनर झाडातून सुटला, की तेवढ्या क्षणी पूर्वज नसतो आणि तक्रार छापली जाते. मेनू दिसायला आणि चालायला काही फरक पडत नाही, पण आउटपुट विंडो या ओळींनी भरते आणि तुमची खरी चूक त्यात बुडते. म्हणून हा गोंगाट आधी बंद करावा.

ॲप.झॅमलच्या रिसोर्सेसमध्ये मेनूआयटमसाठी किल्ली न देता एक स्टाइल लिहा. तीत दोनच सेटर: आडवं 'लेफ्ट', उभं 'सेंटर'. ठरावीक किंमत मिळाली की थीममधलं बाइंडिंग लागण्याचं कारण उरत नाही. स्टाइल ॲप पातळीवर ठेवा. एखाद्याच मेनूच्या आयटमकंटेनरस्टाइलमध्ये ठेवून तक्रार तशीच चालू राहिलेली मी पाहिली आहे. आणि स्वतःच्या दुसऱ्या मेनू-स्टाइल असतील तर त्यांना बेस्डऑनने हिच्याशी जोडायला विसरू नका, नाहीतर तिथे ही स्टाइल लागणारच नाही.

स्वतःचं कंट्रोलटेम्प्लेट लिहिलं असेल तर

मेनूआयटमच्या चार भूमिका असतात: वरच्या पट्टीतला पोटमेनू असलेला, पट्टीतलाच पण साधा, आतला पोटमेनू असलेला, आणि आतला साधा. मूळ टेम्प्लेटही चार आहेत. एकच लिहून सगळीकडे लावलंत तर कुठे बाण दिसणार नाही, कुठे पोटमेनू चुकीच्या बाजूला उघडेल.

पॉपअपचं इजओपन हे आयटमच्या इजसबमेनूओपनला बांधताना टेम्प्लेटबाइंडिंग वापरू नका. ते एकाच दिशेने चालतं, त्यामुळे पॉपअप स्वतःहून मिटला तरी मेनूआयटमला पत्ता नसतो. साधं बाइंडिंग लिहा आणि रिलेटिव्हसोर्स टेम्प्लेटेडपेरंट द्या. पॉपअपचं नाव 'पार्ट_पॉपअप' असंच ठेवा, कंट्रोल त्याला त्या नावाने शोधतो.

बाइंडिंगच्या चुकीसारख्या दिसणाऱ्या गोष्टी

एकदा सगळ्या शाखांच्या मेनूत चिन्ह दिसायला हवं होतं, दिसत होतं फक्त शेवटच्या शाखेपुढे. मी पाथ तपासत बसलो. दोष पाथचा नव्हता. स्टाइलच्या सेटरमध्ये आयकॉन म्हणून इमेज ठेवली की ती एकच इमेज सगळ्या आयटममध्ये वाटली जाते, आणि एका एलिमेंटला दोन पालक असू शकत नाहीत. ज्याने शेवटी घेतली त्याच्याकडे ती राहते. ती इमेज रिसोर्स म्हणून वेगळी ठेवून तिच्यावर एक्स-शेअर्ड खोटं करा, प्रत्येकाला नवी प्रत मिळते.

फाइलीचं नाव 'मार्च_अहवाल' आणि मेनूत 'मार्चअहवाल'? हेडरमधली पहिली अंडरस्कोअर शॉर्टकट अक्षराची खूण म्हणून गिळली जाते. आयटमटेम्प्लेटमध्ये टेक्स्टब्लॉक ठेवा, किंवा अंडरस्कोअर दुप्पट करा.

हेडरच्या बाइंडिंगमध्ये स्ट्रिंगफॉरमॅट दिलं आणि परिणाम शून्य? हेडरचा प्रकार ऑब्जेक्ट आहे, स्ट्रिंग नाही. हेडरस्ट्रिंगफॉरमॅट वापरा. आणि इनपुटजेस्चरटेक्स्ट नुसतं 'कंट्रोल+पी' लिहून दाखवतं. ती की चालवायला कीबाइंडिंग वेगळं लागतं.

काहीच छापून येत नसेल तर

कमांड मेलेली आहे, आणि आउटपुटमध्येही शांतता. बहुधा डेटाकॉन्टेक्स्टच नल आहे, आणि नलबद्दल डब्ल्यूपीएफ 'वॉर्निंग' पातळीवर सहसा तक्रार करत नाही. त्याच एका बाइंडिंगवर प्रेझेंटेशनट्रेससोर्सेस.ट्रेसलेव्हल 'हाय' लावा (फाइलीच्या वर डायग्नोस्टिक्सची नेमस्पेस जोडावी लागते). मग ते बाइंडिंग कुठे गेलं, काय सापडलं, कुठे नल मिळालं, याची पायरी-पायरीने नोंद येते. दुसरी जुनी युक्ती: काहीही न बदलता आलेली किंमत तशीच परत देणारा कन्व्हर्टर लावून त्यात ब्रेकपॉइंट टाका. ब्रेकपॉइंट लागलाच नाही तर सोर्स सापडत नाहीये. नल घेऊन लागला तर सोर्स आहे, किंमत नाही. व्ह्यूमॉडेलमधली कमांड खिडकी तयार झाल्यानंतर भरली जात असेल आणि बदलाची सूचना पाठवलेली नसेल, तर नेमकं हेच दिसतं.

सगळं दुरुस्त झालं असं वाटलं तरी तपासताना आळस करू नका. यादीवरून भरलेल्या उपमेनूचे आयटम तो उपमेनू उघडेपर्यंत तयारच होत नाहीत, त्यामुळे त्यांच्या चुका आधी दिसत नाहीत. प्रत्येक उपमेनू एकदा उघडा. यादीतल्या पहिल्या ओळीवर राइट-क्लिक करा, मग पाचव्या ओळीवर करा, आणि पॅरामीटर बदलतोय का बघा. मी त्या दिवशी पहिल्याच ओळीवर तपासून ताईंना "झालं" म्हणून कळवलं होतं. दहा मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन: "सर, पासबुक छापलं जातंय, पण दर वेळी पहिल्याच खातेदाराचं." घाईत मी पॅरामीटर खिडकीच्या निवडलेल्या ओळीला बांधला होता, आणि आमच्या यादीत उजवं बटण दाबल्याने ओळ निवडली जात नव्हती.